पान लागलं

कानातल्या इअरफोनचं एक टोक काढून ती समोरच्यापुढे धरायची आणि म्हणायची, "परत ऐका." समोर तालुक्याचा साहेब असो, टेंपोवाला असो की मी असो, सगळ्यांना तेच. आपण ते टोक कानात घालेपर्यंत ती हात मागे घेत नसे. मग एका वायरीनं तिच्याशी बांधल्यासारखे आपण उभे. तिच्या एका कानात आणि आपल्या एका कानात एकच बाई बोलतेय, मागे कोंबडं ओरडतंय, कुणीतरी भांडी आपटतंय. ऐकून झालं की भुवया उंचावून विचारायची, "काय म्हणाली?"

मी सांगायचो. ती म्हणायची, "हे तुम्ही म्हणालात, सर. ती काय म्हणाली?"

कर्जत-खालापूरकडचे असाल तर तुम्ही तिला पाहिलं असणार. वडिलांची जुनी स्कूटर, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, अंबाड्यात खुपसलेलं पेन. आणि तिच्याविषयी ऐकलं तर नक्कीच असणार. वाड्यांवरच्या लोकांचे आवाज भरून घेतले आणि परदेशात विकले. मशीनच्या नादात एका बाईचा पाय घालवला. अंगावर आलं तशी पळाली. ही कथा कर्जतला वडापावच्या गाडीवर मी कितीतरी वेळा ऐकली आहे आणि हातातला वडापाव संपवून मुकाट घरी आलो आहे. आता पंच्याहत्तरी मागे पडली. ती कथा खोटी आहे हे सांगायला माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण त्यातली चूक माझी आहे. गप्प बसणंही माझंच. तेव्हा काय घडलं ते सांगतो.

मी मराठीचा शिक्षक. लहानपण पुण्यात पेठेत गेलं, नोकरी कर्जतला लागली आणि इथलाच झालो. म्हणजे असं मला वाटत होतं. ती आमच्या शाळेत आली आठवीत, कुंभिवलीहून. वडील साजगावच्या एका कारखान्याचा टेंपो चालवायचे, आईची हायवेला चहाची टपरी होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला धडा वाचायला उभं केलं.

"पानी," तिनं वाचलं.

"पाणी," मी म्हणालो. "ण. बाणातला ण."

"बानातला न," ती म्हणाली, आणि वर्ग खिदळला.

मीही हसलो. हे लिहिताना पेन अडखळतंय, पण हसलो. त्यानंतर माझ्या तासाला तिनं कधी हात वर केला नाही. गणिताचे सर सांगायचे की ही पोरगी काहीतरी वेगळीच आहे. मी म्हणायचो, "असेल. पण भाषेचं काय?"

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दारात स्कूटर थांबली. मी ओळखलंच नाही. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सर, पाणी मिळेल? ण, बाणातला." आमची ही स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली ती हसतच. त्या दोघींचं त्या क्षणी जमलं ते कायमचं. ही चौक गावाजवळच्या खेड्यातली, लोधिवलीच्या अलीकडची. माहेरची बोली बोलायला घरात कुणी मिळालं की तिचा चेहराच बदलतो. माझ्याशी ती पुस्तकी बोलते. लग्न झाल्यावर मीच शिकवलं तसं.

पाणी पिऊन झाल्यावर त्या मुलीनं सांगितलं की तिनं इंजिनिअरिंग केलं, मग एका मोठ्या संस्थेतून डॉक्टरेट. विषय मशीनला शिकवण्याचा.

"म्हणजे नेमकं काय करतेस?"

"तुम्ही पोरांना शिकवायचात तेच, सर. हजार उदाहरणं दाखवायची, बरोबर काय आणि चूक काय ते सांगायचं, की मशीन आपलं आपण ओळखायला लागतं. एकच फरक. आपण चुकीचं शिकवलं तर पोरगं घरी जाऊन आईला विचारतं. मशीन कुणाला विचारत नाही."

तिच्याबरोबरचे कुठल्या कुठे मोठाल्या कंपन्यांत गेले होते. तू इकडे कशी, असं मी विचारलं. तेव्हा तिनं टपरीची गोष्ट सांगितली. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांवरच्या बायका रानभाजी, मध, करवंदं घेऊन हायवेला उतरायच्या आणि तिच्या आईच्या टपरीशी टेकायच्या. कुणाचं मूल तापलंय, कुणाचे दिवस भरलेत, सगळं तिथे बोलून व्हायचं. डॉक्टरसमोर गेल्या की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि फुटला तर डॉक्टरला कळत नसे. मग आई टपरीला फळी लावायची, सोबत दवाखान्यात जायची आणि डॉक्टरला समजावून सांगायची.

"आई आमची एकटीच कॉल सेंटर होती," ती म्हणाली. "रस्ता रुंद झाला, टपरी गेली. नंतर आईही गेली. आता त्या बायका कुणाशी बोलतात? मला आईसारखं ऐकणारं मशीन करायचंय, सर. बस."

तिची योजना अशी होती. वाडीवरच्या माणसानं साध्या बटनांच्या फोनवरून एक नंबर लावायचा आणि कोण आजारी आहे, काय होतंय ते आपल्या बोलीत सांगायचं. मशीननं ते ओळखायचं. तातडीचं असेल तर त्याच क्षणी आरोग्य केंद्रातल्या नर्सचा आणि गाडीवाल्याचा फोन वाजवायचा. तातडीचं नसेल तर उद्या उपकेंद्रात या म्हणून सांगायचं. तालुक्याला पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले. प्रत्येक साहेब पहिला प्रश्न विचारायचा, "ॲप आहे का?"

"साहेब, तिकडे स्मार्टफोन नाहीत."

"ते ठीक आहे हो मॅडम, पण ॲप असतं तर उद्घाटनाला दाखवता आलं असतं."

मशीनची वेगळीच तऱ्हा. ते शिकलं होतं मुंबई-पुण्याच्या बातम्या ऐकून. वाडीवरच्या बाईनं "बाळंतीण" म्हटलं की ते "बालाजी" लिहायचं. ती आमच्या ओसरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच्यावर ओरडायची, "अरे गाढवा, बालाजी कुठून आणलास? तिरुपतीला गेलायस का?" एकदा मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "त्याच्या लेखी बातम्या देणारा माणूस म्हणजे आवाज, आणि आपली माणसं म्हणजे गोंगाट."

त्यावर एकच उपाय होता. ती वाडी-वाडीवर जाऊन बसायची. पूर्वी कोण कसं आजारी पडलं होतं ते लोकांकडून सांगून घ्यायची, भरून घ्यायची. मग आम्ही काहीजण ते घरी बसून ऐकायचो, ऐकलेलं टाइप करायचो आणि खाली एक बटन दाबायचो: तातडीचं, उद्या चालेल, नुसती माहिती. शेवटी एक चौथं बटन होतं, त्यावर प्रश्नचिन्ह. "जिथे अर्थ नक्की नाही तिथे हे दाबा," ती म्हणाली. "लाजू नका. जितकी प्रश्नचिन्हं येतील तितकं मला बरं."

मला हे काम तिनं दिलं याचा मला फार आनंद झाला होता. निवृत्त माणसाला कुणी काम सांगत नाही. ती सगळ्यात अवघड आवाज माझ्याकडे आणायची. पण माझा हात काही ऐकेना. "पोरगं मलूल व्हतं" ऐकलं की बोटं "मूल निस्तेज होते" टाइप करून मोकळी. ती वाचायची आणि कपाळाला हात लावायची.

"सर, परत सुधारलंत."

"सवय गं."

"सवय मोडा. ही मशीनची परीक्षा आहे, बाईची नाही. बाईला बोलू द्या."

मी हो म्हणायचो, दोन दिवस सांभाळायचो, तिसऱ्या दिवशी पुन्हा निस्तेज. प्रश्नचिन्हाचं बटन मात्र मी एकदाही दाबलं नाही. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसानं मराठीपुढे प्रश्नचिन्ह टाकायचं? तिच्याबरोबरच्या कॉलेजच्या मुली भराभर दाबायच्या. मला त्यांची कीव यायची.

मशीननं द्यायची उत्तरंही माझ्याच आवाजात भरली. "तुमचा आवाज छान आहे, सर, लोकांना धीर वाटेल," असं ती म्हणाली. मी कोमट पाणी पिऊन, पंखा बंद करून, एकेक वाक्य घोटून म्हटलं.

उद्घाटन झालं. साहेबांनी रिबीन कापली. ती दोन मिनिटं बोलली, त्यात म्हणाली, "बोलीचं मोल मला आमच्या सरांच्या वर्गात कळलं." टाळ्या पडल्या. माझ्याशेजारचे गृहस्थ माझा हात दाबून म्हणाले, "केवढी कृतज्ञता!" मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती.

पहिले काही महिने यंत्रणा नीट चालली. एका बाळंतिणीसाठी गाडी वेळेवर पोचली, त्या दिवशी ती आमच्याकडे पेढे घेऊन आली. ओसरीवर बसून एकटीनं अर्धा पुडा खाल्ला, आणि उरलेला आमच्या हिच्या हातात देत म्हणाली, "काकू, आईची टपरी उघडली."

मग भातकापणी आली. एका वाडीतली बारकीबाई खालच्या शेतावर कापणीला आली होती. भर दुपारी तिच्या नवऱ्यानं नंबर लावला आणि सांगितलं, "हिला पान लागलंय, पाय सुजत चाललाय." मशीननं ऐकलं आणि माझ्या स्वच्छ आवाजात उत्तर दिलं: घाबरू नका, उद्या सकाळी उपकेंद्रात या.

त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. या मशीननं बाळंतिणीला गाडी पाठवली होती, का ठेवू नये? सूज गुडघ्याच्या वर चढली तेव्हा कुठे ते घाबरले आणि तिला उचलून हायवेला आणली. साजगावला माल टाकून परतणाऱ्या टेंपोनं दवाखान्यात पोचवली. जीव वाचला. पण विष भिनायला वेळ मिळाला होता. पोटरीचं मांस काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली. चप्पल न काढताच ओसरीवर बसली, लॅपटॉप उघडला, इअरफोनचं एक टोक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "परत ऐका, सर." ते आदल्या वर्षीचं होतं, मी टाइप केलेल्यातलं. एक म्हातारा सांगत होता की त्याच्या पोराला पान लागलं आणि पाय सुजला.

"पानच म्हणतोय तो," मी म्हणालो. "मी बरोबर लिहिलंय. बघ, शेरासुद्धा दिलाय. रानटी वनस्पतीच्या पानाचा स्पर्श, अंगावर पुरळ."

"हो," ती म्हणाली. "पानच म्हणतोय."

इअरफोनची वायर कुठेतरी सैल झाली असावी. आवाज लॅपटॉपमधून बाहेर आला. पोराला पान लागलं... स्वयंपाकघरात पीठ मळत असलेली आमची ही तशाच पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली.

"अगं बाई! कुणाच्या पोराला पान लागलं?"

"एवढं काय झालं?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "अहो, जनावर चावलं की पान लागलं म्हणतात. त्याचं नाव घेत नाहीत, घेतलं की येतं. एवढं माहीत नाही तुम्हाला?"

लॅपटॉपमधला म्हातारा आपल्या पोराला कसं उचलून नेलं ते सांगत होता.

मी सगळीकडे पान लागल्याचं ऐकून "उद्या चालेल" दाबलं होतं. मशीन तेच शिकलं. मी शिकवल्याप्रमाणे ते अगदी बरोबर वागलं होतं.

"पण तुला तर हे माहीत होतं," मी म्हणालो. अपराधी माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तसं. "तू कुंभिवलीची. तू तपासत नव्हतीस?"

"मुलींचं सगळं तपासायचे," ती म्हणाली. "तुमचं नाही तपासलं."

"का?"

तिनं लॅपटॉप मिटला. "तुमची वही मी कशी तपासणार, सर?"

त्या आठवड्यात तिनं सगळे आवाज पुन्हा ऐकले. सापाचंच नव्हे, मी निस्तेज आणि अस्वस्थ करून ठेवलेलं सगळंच नव्यानं लिहून काढलं. डोळे सुजले होते. मधे एकदा मला फोन करून म्हणाली, "सर, 'गरगरतंय'ला तुम्ही 'भोवळ' का लिहिलंत हो? बाईनं आयुष्यात भोवळ हा शब्द उच्चारला नसेल!" आणि मी काही बोलायच्या आत ठेवून दिला. इतकी चिडलेली ती मी कधी पाहिली नव्हती. पण पंधरवडाभर द्या, मशीन नव्यानं शिकवून देते, असं तिनं तालुक्याला कळवलं होतं.

तालुक्याला बैठक बसली. ठरवायचं इतकंच होतं: ही फोनची सोय दुरुस्त करून चालू ठेवायची की बंद करायची. वाड्यांवरचे चार लोक होते, नर्स होती, साहेब होते. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या नावापुढे ज्येष्ठ मार्गदर्शक असं लिहिलेला कागद टेबलावर उभा होता.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. तपासणी माझ्याकडून राहिली. काय चुकलं ते मला नेमकं कळलंय, आणि ते बदलता येतं." माझं नाव तिनं घेतलं नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "सर, आपण भाषेचे एवढे जाणकार. आपल्याला काय वाटतं?"

मी उठलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. आमच्या हिनं बजावून पाठवलं होतं. पण समोर एवढी माणसं, त्यातले निम्मे माझे विद्यार्थी, तो उभा कागद. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "शेवटी तंत्रज्ञानाची ही मर्यादा आहे."

साहेबांना वाक्य आवडलं. त्यांनी मान डोलावली. सोय बंद झाली.

मी स्वतःला समजावलं की निदान मी तिला दोष दिला नाही. मशीनला दिला. मशीनला काय त्याचं? हे किती सभ्य वाक्य होतं! आमच्या हिला मी ते घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून ती मला "जाणकार" म्हणते. "जाणकार, जेवायला चला." "जाणकार, गॅस बंद करा."

ती मुलगी लगेच गेली नाही. बारकीबाईला पट्टी बदलायला दवाखान्यात न्यायचं, परत आणून सोडायचं, स्कूटरवर मागे बसवून. तोवर तिनं आवाज विकल्याची कथा पसरली होती. एका वाडीत तिला पोरांनी पायवाटेवरच अडवलं, आमचा आवाज परत दे म्हणाले. तिनं म्हणे पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्यांच्यापुढे धरला, "घ्या. काढा त्यातून." आवाज कसा काढायचा ते कुणाला कळेना. नंतर ती दुसऱ्या राज्यात गेली, तिथल्या डोंगरातल्या लोकांसाठी तेच काम करायला. जाताना आमच्याकडे आली नाही. ही तिला रस्त्यावर भेटून डबा देऊन आली.

गेल्या वर्षी मला वाटलं, आता पुरे. तालुक्याच्या कचेरीत गेलो. साहेब नवे, टेबलावरचा मुलगाही नवा. त्या बैठकीच्या इतिवृत्तात दुरुस्ती करायची आहे, चूक मॅडमची नव्हती, माझी होती, असं सांगितलं.

"तक्रार कुणाविरुद्ध आहे, आजोबा?"

"माझ्याविरुद्ध."

"तक्रारदार कोण?"

"मीच."

त्यानं शेजारच्या मुलीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. "तो प्रकल्प बंद झालाय ना पण," तो समजुतीनं म्हणाला. "बंद प्रकल्पात चूक नसते. बसा, चहा मागवू?"

मी भडकलो. आयुष्यात एकदा खरं बोलायला निघालो तर ते घ्यायलाच कुणी नाही! घरी येऊन दुसऱ्या राज्यात तिला फोन लावला. तिनं उचलला. मी सगळं सांगितलं, कचेरीचंही. मला वाटलं ती हसेल, निदान म्हणेल की जाऊ द्या, सर.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही परत शुद्धलेखनच करताय."

"म्हणजे?"

"झालेल्या गोष्टीचं. चूक कुणाची होती ते कुणाला हवंय? मी घेतली होती ना ती. मला त्याचा त्रास नव्हता. तुम्ही त्या दिवशी नाव सांगितलं नाहीत, त्याचंही काही नाही."

"मग?"

"तुम्ही मर्यादा म्हणालात." तिचा आवाज चढला. "मर्यादा नव्हती, सर. चूक होती. चूक सुधारता येते. मर्यादा म्हटलं की विषय संपतो. मी पंधरा दिवस मागत होते. तुम्ही एक शब्द बदललात आणि साहेबांनी फाइल मिटली. शब्द कुठला वापरायचा ते तुमच्याइतकं कुणाला कळत होतं तिथे?"

इतकी वर्षं मी एका चुकीचं ओझं वाहत होतो, आणि ती चूक वेगळीच निघाली.

"तिकडे गेला होतात का कधी?" तिनं विचारलं. "बारकीबाईकडे?"

नव्हतो गेलो. कानात टोक घालून वर्षभर त्यांचं बोलणं ऐकलं, पण वाडीत पाय ठेवला नव्हता.

गेलो. रिक्षा पायथ्याशी सोडली, पुढे चढ होता. बसत उठत पोचलो. बारकीबाई दारात मोहाची फुलं निवडत होती. पाय लांब पसरलेला, पोटरीच्या जागी आत ओढलेली चकचकीत कातडी. मी माझं नाव सांगायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आवाज वळखला. फोनातला बाबा तुमीच ना?"

मी मान हलवली.

"लय गोड बोलता." तिच्या बोलण्यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. सुनेला हाक मारून तिनं पाणी आणायला सांगितलं. सून अवघडलेली होती, दिवस भरत आलेले.

मी सगळं सांगितलं. पान म्हणजे मला काय वाटलं तेही. ती हातातली फुलं तशीच ठेवून ऐकत राहिली आणि मग आत बघून सुनेला म्हणाली, "ऐकलंस का गं? मास्तराला पाला वाटला." दोघी हसल्या. सून पदर तोंडावर घेऊन हसली. मला हसू आलं नाही.

"मंग एकदा इचारायचं व्हतं की कुणाला," बारकीबाई म्हणाली. "आमी काय सांगितलं नसतं?"

तिला उत्तर नको होतं. तिनं सुनेकडे हात केला. "हिचं कसं करायचं ते सांगा. नर्सबाईचा फोन लागत नाय. त्यो नंबर तर बंद पडलाय. त्या पोरीला लावा तुमच्या फोनवरनं. मी बोलते तिच्याशी."

मी म्हणालो, "ती फार लांब असते आता."

"फोन तितवर जात नाय व्हय?"

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला आणि बारकीबाईचा चेहरा फुलला. मग ती जे बोलायला लागली ते माझ्याशी बोलत होती तसं नव्हतं. ते वाडीचं बोलणं होतं, भरभर, आत वळलेलं, आणि पलीकडूनही तसंच येत होतं. मी कान देऊन उभा होतो. अधूनमधून एखादा शब्द हाती लागायचा. सुनेचं काहीतरी. गाडीचं काहीतरी. मग "मास्तर" आलं, आणि पलीकडचं खळखळून हसणं मला इकडे ऐकू आलं. माझ्याविषयी काय म्हणाली ते विचारावंसं वाटलं. पण त्या दोघींच्या मधे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

बारकीबाईनं काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली. उत्तर येईना. तिनं फोन कानावर आणखी घट्ट दाबला, दुसऱ्या कानावर तळहात ठेवला. डोंगराच्या त्या कुशीत नेटवर्क असंच येतं-जातं.

"हाय ना गं?" ती म्हणाली. मग अंगणात चार पावलं लंगडत पुढे आली, उघड्यावर, आणि जरा मोठ्यानं म्हणाली, "ए पोरी, हाय ना गं?"